डिचोलीचे लेजर, बेलापूरचा सर्व्हर

१९९१ साली लिस्बनहून गोव्यात सोने परत आले. ते गोमंतकीयांचेच होते. बांकु नासियोनाल उल्त्रामारिनु ही पोर्तुगीज अमलात नोटा काढण्याचा हक्क असलेली बँक. तिच्या तिजोरीत लोकांनी गहाण ठेवलेले दागिने मुक्तीच्या आधीच पोर्तुगालला हलवले गेले होते. १९ डिसेंबर १९६१ला गोवा मुक्त झाला, बँकेचा इथला कारभार थांबला आणि दागिना ठेवणाऱ्याच्या हाती पावती तेवढी उरली. भारत-पोर्तुगाल संबंध पुन्हा जुळवणारा करार ३१ डिसेंबर १९७४ला झाला. सोने यायला त्यानंतरही सोळा-सतरा वर्षे लागली. तोवर ठेवणाऱ्यांतले कितीतरी लोक हयात नव्हते.

सर्व्हरच्या इतिहासाची सुरुवात गहाणवटीच्या सोन्यापासून करण्याला कारण आहे. आपला हिशोब ज्याच्या हाती आहे तो उठून निघून गेला तर काय, हा प्रश्न गोव्याला १९६१ साली पडला. भारतातल्या मोठ्या कंपन्यांना आणि सरकारी खात्यांना तोच प्रश्न १९७८ साली संगणकांच्या बाबतीत पडला. त्या वेळी देशाने जे उत्तर शोधले, तेच पुढे पेडणे-डिचोलीच्या बँकशाखांपर्यंत येऊन पोचले. ते उत्तर काय होते आणि त्यातले आपण काय राखले, काय गमावले, हे नीट सांगण्यासाठी हा लेख.

मुक्तीच्या वेळी या दोन तालुक्यांत बँक म्हणावी अशी सोय जवळपास नव्हती. पेडणे १७८८ साली पोर्तुगिजांकडे गेले, डिचोली आणि सत्तरी त्याच्या थोडे आधी. या नव्या काबिजादीत जमीनदारांचे, देवस्थानांचे, गावकीचे हिशोब मराठीत लिहिले जात आणि जुने कागद मोडी लिपीत असत. उधारउसनवार सावकाराच्या वहीवर चाले. १९ जुलै १९६९ला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत तालुक्याच्या गावांत राष्ट्रीयीकृत बँकांच्या पाट्या लागल्या. डिचोलीत त्यांना काम कमी पडले नाही. खाणीचा पैसा तिथे १९५०च्या दशकापासूनच फिरू लागला होता. जपानला लोहखनिज जाऊ लागले, खाणीपासून मांडवीच्या धक्क्यापर्यंत ट्रक, तिथून मुरगावपर्यंत बार्ज, अशी साखळी उभी राहिली. ट्रकमालकाचे कर्ज, चालकाचा पगार, सुटे भाग विकणाऱ्याचे चालू खाते, खाणीवरच्या कामगारांची बचत, हे सगळे एकाच बाजारपेठेतल्या दोन-चार शाखांवर येऊन पडे. पेडण्याची गत वेगळी होती. शेती, बागायती आणि परगावी नोकरीला गेलेल्या मुलांच्या मनिऑर्डरी यांवर तिथला व्यवहार चाले, आणि शाखांतली वर्दळ त्या मानाने बेताची होती.

त्या काळच्या शाखेत प्रत्येक खात्याला लेजरमध्ये एक पान असे. पैसे काढायला आलेल्या माणसाला पितळी टोकन मिळे. त्याची स्लिप कारकुनाकडे, मग लेजरकडे, मग अधिकाऱ्याकडे, मग रोखपालाकडे जाई. संध्याकाळी दिवसाची बेरीज जमेना, की सगळी शाखा चूक शोधत बसे. सहामाही व्याजाचे दिवस तर बँकेत काम केलेला कोणीही माणूस विसरणार नाही. प्रत्येक खात्याचे व्याज हाताने काढायचे, दुसऱ्याने तपासायचे, मग लेजरच्या सगळ्या पानांची बेरीज मुख्य खात्याशी जुळवायची. शाखाशाखांतून हे बॅलन्सिंग महिनोन् महिने थकलेले असे.

मग संगणक आधीच का आणले नाहीत? आणले असते, पण माणसांच्या पोटाचा प्रश्न होता. आयुर्विमा महामंडळाने १९६०च्या दशकात मुंबईत आणि कोलकात्यात संगणक बसवायचे ठरवले तेव्हा कर्मचाऱ्यांनी मोठा लढा दिला. केंद्र सरकारने स्वयंचलनाचा विचार करायला समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते पुण्याचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर. तिचा अहवाल १९७२ साली आला. यंत्र आणताना आधी त्याची सामाजिक गरज सिद्ध करा, हे त्या काळचे सरकारी धोरण होते. आज ते अनेकांना मागासलेपण वाटते. मला तसे वाटत नाही. ज्या देशात पदवीधर तरुण कारकुनीसाठी रांगेत उभा होता, त्या देशाने हा प्रश्न विचारणे योग्यच होते. चूक झाली असेल तर ती उत्तर मिळवायला लावलेल्या वेळात झाली.

याच सुमारास मोठ्या संगणकांच्या जगात दुसरी घडामोड चालू होती. भारतातले बहुतेक मोठे संगणक आयबीएमचे होते, त्यांत १४०१ या मॉडेलची संख्या मोठी. ती यंत्रे बहुधा भाड्याने दिलेली असत. मालकी कंपनीकडेच राही. १९७३च्या विदेशी चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांना भारतातली आपली मालकी ४० टक्क्यांवर आणायला सांगितली. आयबीएमने नकार दिला. जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. बोलणी फिसकटली आणि १९७८ साली आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळला. मागे राहिलेल्या शेकडो यंत्रांची देखभाल कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीने हाती घेतली. तिच्या अभियंत्यांनी परदेशी मदतीशिवाय ती यंत्रे वर्षानुवर्षे चालती ठेवली. भारतीय संगणकक्षेत्राच्या इतिहासात या कामाला मिळायला हवा तेवढा मान मिळालेला नाही.

पण एक धडा सगळ्यांना मिळाला. पगारपत्रके, बिले, साठ्याचे हिशोब यांचे प्रोग्रॅम त्या एकाच कंपनीच्या यंत्रासाठी लिहिलेले होते. यंत्र बदलायचे तर ते प्रोग्रॅम पुन्हा लिहायचे. म्हणजे हिशोब आपला, पण तो वाचण्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

पुढच्या काही वर्षांत एचसीएल, डीसीएम, ओआरजी, विप्रो, पीएसआय अशा भारतीय कंपन्या लहान संगणक बनवू लागल्या. त्यांनी तोच प्रश्न लहान आकारात पुन्हा उभा केला. जो तो आपापली ऑपरेटिंग सिस्टीम घेऊन आला. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्राचा कारभार पाहणारा मूळ प्रोग्रॅम: कोणत्या टर्मिनलला कधी वेळ द्यायचा, कोणती फाइल कुठे ठेवायची, छपाई कोणाची आधी, हे सगळे तो ठरवतो. तो बदलला की वरचे सगळे कामाचे प्रोग्रॅम निकामी. एका कंपनीकडून यंत्र घेतले की पुढची दहा वर्षे तिच्याशीच संसार.

बँकांच्या बाबतीत कोंडी फुटली ती १९८३-८४ साली. ८ सप्टेंबर १९८३ला इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला आणि मर्यादित यांत्रिकीकरणाला वाट मिळाली. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेने डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने १९८४च्या अहवालात तीन पायऱ्यांची रचना मांडली: शाखेत लेजर पोस्टिंगची यंत्रे, विभागीय कार्यालयात मध्यम संगणक, मुख्यालयात मोठा संगणक. आणि हे संगणक घेताना बँकांनी युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम प्रमाण मानायचे ठरले.

या निर्णयाचे मोल आज लक्षात येते. युनिक्स १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्सन आणि डेनिस रिची यांनी लिहायला घेतली आणि १९७३ साली ती सी भाषेत पुन्हा लिहिली गेली. त्यामुळे ती एकाच कंपनीच्या यंत्राला बांधलेली राहिली नाही. मोटोरोलाचा ६८००० जातीचा प्रोसेसर विकत घ्या, त्यावर युनिक्स चढवा, आणि यंत्र तयार. आज एकाकडून घेतले, उद्या दुसऱ्याकडून घेतले, तरी सी किंवा कोबोलमधला प्रोग्रॅम थोड्याफार दुरुस्तीने चालायचा. बँकांची मागणी एवढी मोठी होती, की भारतीय कंपन्यांनी आपापल्या सिस्टीमचा हट्ट सोडून युनिक्स धरली. अमेरिकेतही तोवर धंद्याच्या कामाला युनिक्स फारशी रुळलेली नव्हती. ती विद्यापीठांची आणि दूरध्वनी कंपन्यांची समजली जायची. १९९०च्या दशकात जगाला युनिक्स जाणणारे प्रोग्रॅमर हवे होते तेव्हा ते भारतात मोठ्या संख्येने तयार होते, त्याच्या कारणांत बँकांची ही खरेदी मी वरच्या क्रमांकावर धरतो.

याच काळात बाहेरच्या जगाने दुसरी वाटही घेतली होती. आयबीएमने भारत सोडला त्याच वर्षी, १९७८ साली, तिच्या मिनेसोटातल्या रॉचेस्टरच्या प्रयोगशाळेने सिस्टीम/३८ हे यंत्र जाहीर केले. २१ जून १९८८ला त्याचा वारस आला, एएस/४००. फ्रँक सोल्टिस हे त्याच्या रचनेमागचे प्रमुख नाव. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम ओएस/४०० ही धंद्याच्या हिशोबासाठीच घडवलेली होती. माहितीसाठा, सुरक्षा, बॅकअप, दुसऱ्या यंत्राशी जोडणी, वापरणाऱ्याचे हक्क, हे सगळे तिच्या पोटातच होते. युनिक्सवर डेटाबेस वेगळा विकत घ्यावा लागे, तो बसवायला माणूस वेगळा, बॅकअपची तजवीज वेगळी. एएस/४००मध्ये मेमरी आणि डिस्क असा भेदसुद्धा प्रोग्रॅमरला दिसत नसे. सगळे एकाच अखंड पत्त्यांच्या जागेत असे. आणि प्रोग्रॅम प्रत्यक्ष प्रोसेसरशी बोलत नसे, मधल्या एका काल्पनिक यंत्राशी बोले. म्हणून १९९५ साली आयबीएमने आतला प्रोसेसर ४८ बिटांवरून ६४ बिटांवर नेला, तेव्हा ग्राहकांचे जुने प्रोग्रॅम नव्या यंत्रावर तसेच्या तसे चालले. अशी कारागिरी क्वचित पाहायला मिळते. अवघ्या एका ऑपरेटरच्या जोरावर मधल्या आकाराची कंपनी या यंत्रावर सगळा कारभार चालवू शके. ही सिस्टीम आज आयबीएम आय या नावाने अजून विकली जाते.

आयबीएम भारतात परतली १९९२ साली, टाटांशी भागीदारी करून. पण तोवर आपल्या बँकांची सवय युनिक्सशी जडली होती. एकसंध आणि देखणे घर एका मालकाकडून भाड्याने घ्यायचे, की जमीन आपली ठेवून गवंडी-सुतार वेगवेगळे बोलवायचे? भारताने दुसरे निवडले, कारण पहिल्या घरातून एकदा बाहेर पडावे लागले होते. या निवडीत त्रास जास्त होता, हे मान्य करायलाच हवे.

तो त्रास शाखांनी सोसला. सुरुवातीच्या लेजर पोस्टिंग यंत्रांचे एकमेकांशी नाते नसे. बचत खाती एका यंत्रावर, चालू खाती दुसऱ्यावर, आणि दिवसअखेरची गोळाबेरीज पुन्हा कागदावर. पुढे २९ ऑक्टोबर १९९३च्या करारानंतर संपूर्ण शाखा संगणकावर नेण्याची वाट खुली झाली, तेव्हा शाखेत खऱ्या अर्थाने सर्व्हर आला: कोपऱ्यात किंवा काचेच्या खोलीत एक खोके, त्याला केबलने जोडलेली टर्मिनले, काळ्या पडद्यावर हिरवी किंवा पिवळी अक्षरे. तोवर युनिक्स ३८६ आणि ४८६ प्रोसेसरच्या साध्या पीसीवरही चालू लागली होती. एससीओ या कंपनीची युनिक्स देशभर वापरात होती. काही बँकांनी नॉव्हेलचे नेटवेअर घेतले. दोघांत मोठा फरक होता. युनिक्समध्ये सगळे काम सर्व्हर करी, टर्मिनल फक्त अक्षरे दाखवी. नेटवेअरमध्ये सर्व्हर फाइल सांभाळी आणि हिशोब प्रत्येक टेबलावरचा पीसी करी. मध्येच एक पीसी बंद पडला की फॉक्सप्रो किंवा क्लिपरच्या प्रोग्रॅमची अनुक्रमणिका बिघडे आणि ती पुन्हा बांधत बसावे लागे.

आणि गोव्यात मध्येच बंद पडायला निमित्त लागत नाही. जून ते सप्टेंबर डिचोली-सत्तरीच्या बाजूला पावसाचा जो मारा असतो त्यात वीज जाते, वीज पडते, टेलिफोनच्या तारा ओलसर होऊन खरखरतात. यूपीएसच्या बॅटऱ्या दमट हवेत लवकर मान टाकतात. युनिक्सचे खोके रीतसर बंद न होता विझले, की पुन्हा सुरू होताना ते आधी आपली सगळी डिस्क तपासून घेई आणि तेवढा वेळ ग्राहक काउंटरवर ताटकळत राही. बॅकअपच्या टेपला बुरशी धरू नये म्हणून ती कोरड्या जागी जपावी लागे. संध्याकाळी टेप काढायची, तारीख घालायची, तिजोरीत ठेवायची, एक प्रत शाखेबाहेर पाठवायची, हा नेम ज्या शाखांनी पाळला त्या तरल्या. मोठमोठ्या संगणक-इतिहासांत कंपन्यांची आणि शास्त्रज्ञांची नावे येतात. पण चाळिशी ओलांडलेल्या ज्या कारकुनांनी आणि अधिकाऱ्यांनी आयुष्यभर टाकाने व पेनाने लेजर लिहिल्यानंतर टंकफलकावर बोटे ठेवली, जुन्या पानांवरची एकेक शिल्लक रात्री बसून यंत्रात भरली, ती ताडून पाहिली, त्यांच्याशिवाय यातले काहीच झाले नसते. त्यांचे ऋण आपण मानले पाहिजे.

तरी वेग कमीच होता. केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी १९९८ साली बँकांना आदेश दिला, की १ जानेवारी २००१च्या आत आपला ७० टक्के व्यवसाय संगणकावर आणा. दक्षता आयुक्ताने संगणकाचे वेळापत्रक ठरवावे हे वरकरणी विचित्र वाटेल, पण त्यामागचा विचार बरोबर होता: बॅलन्सिंग थकलेल्या शाखेत अफरातफर लपते. त्यातच २००० सालचा प्रश्न आला, वर्षाचे दोनच आकडे ठेवणारे जुने प्रोग्रॅम तपासून झाले. १९९९ साली हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेने बँकांसाठी इन्फिनेट हे उपग्रहावरचे जाळे सुरू केले. लहान गावांतल्या शाखांच्या छपरांवर तबकड्या दिसू लागल्या.

आणि मग शाखेतला सर्व्हरच गेला. कोअर बँकिंग आले. स्टेट बँक ही गोव्याची अग्रणी बँक. तिने टीसीएसच्या मदतीने २००२-०३च्या सुमारास हे काम हाती घेतले आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत देशभरच्या शाखा एका मध्यवर्ती यंत्रणेवर आणल्या. ती नवी मुंबईत बेलापूरला उभी राहिली. आपत्तीसाठीची दुसरी जागा तेव्हा चेन्नईत होती. तिथे एचपीचे मोठे सर्व्हर बसले, त्यावर पुन्हा युनिक्सच, एचपीची. पेडण्याच्या काउंटरवर छापल्या जाणाऱ्या पासबुकातले आकडे बेलापूरहून येऊ लागले. कोकण रेल्वेचे मुख्यालयही बेलापुरातच आहे, ही एक जाता जाता नोंद. या रेल्वेचा पेडण्याचा बोगदा सुमारे दीड किलोमीटरचा. ओल्या मऊ मातीने तो पुन्हा पुन्हा ढासळवला, माणसांचे बळी घेतले आणि २६ जानेवारी १९९८ला पूर्ण मार्ग सुरू होईपर्यंत अभियंत्यांना झुंजवले. त्याच डोंगराखालून गाडी आणि त्याच डोंगरापलीकडून हिशोब, असे हे एका दशकातले दुहेरी जोडकाम आहे.

लहान धंद्यांची कथा थोडक्यात सांगतो, कारण ती थोडकीच आहे. मायक्रोसॉफ्टने १९९७ साली स्मॉल बिझनेस सर्व्हर बाजारात आणला: फाइल, छपाई, ईमेल, डेटाबेस, इंटरनेट, सगळे एका पेटीत. एएस/४००ची कल्पना स्वस्तात, असे म्हणता येईल. २०११च्या आवृत्तीनंतर मायक्रोसॉफ्टने त्याचे दुकान बंद केले आणि ग्राहकांना ढगाकडे, म्हणजे आपल्याच दूरच्या सर्व्हरांकडे वळवले. डिचोलीच्या आणि तुयेच्या औद्योगिक वसाहतींतल्या लहान कारखानदाराला यातली निवड फारशी कधी करताच आली नाही. हिशोबनीस जे सॉफ्टवेअर जाणतो ते चालेल असा एक पीसी, एवढीच त्याची गरज होती. त्या वाटेने काही बिघडले असेही नाही.

गोव्याला खुल्या वाटेची ओळख शाळांनी करून दिली. परदेशस्थ गोमंतकीयांच्या पुढाकाराने उभा राहिलेला 'गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट' जुने, टाकून दिलेले संगणक मिळवून शाळांना देऊ लागला. जुन्या यंत्रावर महागडी परवानाधारक सिस्टीम चढवणे परवडेना. लिनक्स मात्र फुकट होती आणि त्या यंत्रांवर चालत होती. लिनस टॉरवाल्ड्स या फिनिश विद्यार्थ्याने ती १९९१ साली जाहीर केली, म्हणजे सोने परत आले त्याच वर्षी. युनिक्सच्याच घाटाची, पण कोणाच्याच मालकीची नसलेली. रेड हॅट कंपनीनेही गोव्यातल्या या कामाला हात दिला. त्याच सुमारास मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने सायबरएज योजनेखाली अकरावीच्या मुलांना घरी संगणक दिले. पर्रीकर हे पवईच्या आयआयटीचे पदवीधर; यंत्राचे भय मोडायचे तर ते लहानपणीच घरात यायला हवे, हे त्यांना उमजले होते. पेडणे तालुक्यातल्या ज्या घरांत तोवर संगणक कोणी पाहिला नव्हता तिथे तो आला, ही साधी गोष्ट नव्हे.

आता खाणी. इथे सर्व्हरचा इतिहास न्यायालयाच्या दारात पोचतो. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्या. एम. बी. शहा आयोगाचा गोव्याविषयीचा अहवाल सप्टेंबर २०१२मध्ये संसदेत आला. त्याने नुकसानीचा अंदाज सुमारे ३५,००० कोटी रुपयांचा केला. १० सप्टेंबरला राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने. डिचोलीत ट्रक रांगेने उभे राहिले, हप्ते थकले, गॅरेजे ओस पडली. २१ एप्रिल २०१४च्या निकालात न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली.

या मर्यादेचा हिशोबाच्या अंगाने विचार करा. एका ट्रकात जेमतेम दहा टन. दोन कोटी टन म्हणजे वीस लाख खेपा, त्याही वेगवेगळ्या खाणींवरून, वेगवेगळ्या धक्क्यांवर. हाताने लिहिलेल्या पावत्यांच्या गठ्ठ्यांतून ही बेरीज वेळेत निघणे शक्यच नव्हते, आणि ती निघत नव्हती म्हणूनच गैरव्यवहार फोफावला. म्हणून खाणी पुन्हा सुरू करताना ट्रकांना जीपीएस, वजनकाटे खाण खात्याच्या संगणकाशी जोडलेले, वाहतुकीचा परवाना ऑनलाइन, अशी रचना सक्तीची झाली. रॉयल्टी भरल्याशिवाय परवाना नाही, परवान्याशिवाय काट्यावरून ट्रक पुढे नाही. एकसंध प्रणालीचे हेच खरे बळ आहे, की एका टोकाची नोंद दुसऱ्या टोकाशी आपोआप ताडली जाते. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ला न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरणच रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून सगळे पुन्हा थंडावले. डिसेंबर २०२२च्या लिलावात डिचोलीचा पहिला खाणगट वेदांताला मिळाला. त्यात डिचोली, मुळगाव, मये, शिरगाव, लामगाव यांचा भाग येतो. २०२४ साली तिथे काम सुरू झाले. या गावांतले शेतकरी शेतात येणाऱ्या गाळाविषयी, आटणाऱ्या झऱ्यांविषयी बोलतात. त्याचा वजनकाटा अजून कोणी कुठल्या सर्व्हरला जोडलेला नाही. टनांचा हिशोब ठेवणारे राज्य पाण्याचा हिशोबही तेवढ्याच काटेकोरपणे ठेवू शकते; यंत्र तेच आहे.

यंत्र फक्त आपण घातलेलेच सांगते, याचा दाखला मये गावाने दिला. इथल्या मोठ्या जमिनीचे पोर्तुगीजकालीन मालक निघून गेले, ती स्थलांतरितांची मालमत्ता ठरली आणि सरकारी अभिरक्षकाच्या ताब्यात गेली. पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या माणसाला आपल्याच घराचा कागद नाही, अशी स्थिती झाली. १९६८च्या जमीन महसूल संहितेनुसार तयार झालेले एक-चौदाचे उतारे पुढे संगणकावर चढले, आज ते घरबसल्या मिळतात. पण उताऱ्यावरची ती नोंद संगणकाने बदलली नाही. ती बदलण्याची वाट २०१४च्या कायद्याने काढली, आणि तो मिळाला मयेकरांनी वर्षानुवर्षे केलेल्या लढ्यामुळे.

पेडणे तालुक्यात मोप्याच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ला झाले. तुये इथे इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनासाठी वसाहत मंजूर आहे. पेडणे तालुका पुढच्या वीस वर्षांत यंत्रे आणि प्रणाली मोठ्या प्रमाणात विकत घेणार आहे. पंचायतीची घरपट्टी, पाण्याची बिले, आरोग्यकेंद्राच्या नोंदी, सहकारी संस्थांची खाती, सगळे कुठल्या ना कुठल्या सर्व्हरवर जाईल, आणि आता तो सर्व्हर बहुधा भाड्याचाच असेल. १९८४ साली बँकांनी विक्रेत्याला सांगितले होते, की तुमचे यंत्र आमच्या अटीवर चालले पाहिजे, आमचा हिशोब तुमच्या अटीवर चालणार नाही. ती अट आज पुन्हा लिहिण्याची गरज आहे.

म्हणून गोव्याच्या खात्यांना, नगरपालिकांना, पंचायतींना आणि सहकारी बँकांच्या संचालकांना विनंती आहे: निविदेत तीन कलमे घाला. नोंदींची मालकी संस्थेची राहील. नोंदी कोणत्याही दुसऱ्या यंत्रणेला वाचता येतील अशा खुल्या स्वरूपात, संस्था मागेल तेव्हा, पूर्ण मिळतील. आणि करार संपताना विक्रेता त्या आधी सोपवील, मगच त्याचे शेवटचे बिल चुकते होईल. ग्रामसभेत बसणाऱ्या वाचकांनी पुढच्या सभेत एवढे विचारावे, की आपल्या पंचायतीच्या करारात ही कलमे आहेत का.